उजवी बाजू कुणाची?

कुणी लोकलमध्ये असेल, कुणी जिममध्ये, कुणी भांडी घासत ऐकत असेल. आजचा भाग मोठे हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना जरा जास्त सोपा जाणार आहे. का, ते पुढे कळेलच.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअर लिहितो. पण आजचा विषय शरीराचा आहे. आपल्या शरीरातल्या दिशा, शरीराचे छेद, आणि आतल्या पोकळ्या. अकरावीच्या बायोलॉजीसारखं वाटतंय ना? मलाही तसंच वाटायचं. मग एका रात्री मी स्वतः एक माती खाल्ली आणि हा विषय डोक्यात पक्का बसला. ती गोष्ट आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची, नोव्हेंबरातली. मी पुण्यात, घरचे परभणी जिल्ह्यात आमच्या गावी. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तीन आठवडे बारीक ताप होता. खोकला होता, आणि नंतर नंतर तर चार पावलं चाललं की दम लागायचा. शेवटी चुलतभावाने त्यांना शहरात नेऊन ॲडमिट केलं. रात्री साडेनऊला त्याचा फोन. "दादा, अण्णांच्या फुफ्फुसात पाणी झालंय. उजव्या साइडला. सुई घालून काढणारेत आत्ता."

मी म्हटलं, एक्स-रेचा फोटो पाठव. त्याने पाठवला. मी मोबाईलवर झूम केलं. काळ्या छातीत खाली एक मोठा पांढरा पट्टा दिसत होता. आणि तो स्क्रीनच्या डाव्या बाजूला होता.

माझं डोकंच फिरलं. पाणी डावीकडे आणि हे उजवीकडे सुई घालणार? मी भावाला फोन लावला आणि ओरडलो, "थांबव त्यांना! चुकीच्या बाजूला करायलेत!" बिचारा घाबरला. त्याने आईला सांगितलं, आई रडायला लागली. काकांनी वॉर्डात आवाज चढवला. फॅमिली ग्रुपवर तोवर तोच फोटो लाल गोल मारून फिरायला लागला होता. या सगळ्यात पाऊण तास गेला. आणि तो पाऊण तास अण्णा पुढे वाकून, पलंगाची कड धरून, श्वास ओढत बसले होते.

मग ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडमनी भावाच्या हातातून फोन घेतला. चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही फोटो बघताना पेशंट तुमच्याकडे तोंड करून उभा आहे असं समजा. आता त्याचा उजवा हात तुमच्या कुठल्या बाजूला येतो?"

मी दोन सेकंद गप्प. डाव्या बाजूला येतो.

"फिल्मच्या कोपऱ्यात आर अक्षर आहे. तुम्हाला पाठवलेल्या फोटोत ते कापलं गेलंय. आणि हृदय बघा, त्याचं टोक तुमच्या उजवीकडे झुकलेलं दिसतंय. म्हणजे ती पेशंटची डावी बाजू. करू का आता सुरू?"

मी "सॉरी मॅडम" म्हटलं. पुढच्या अर्ध्या तासात अण्णांच्या छातीतून जवळपास लिटरभर पाणी निघालं आणि त्या रात्री ते पहिल्यांदा आडवे होऊन झोपले. पुढे तपासणीत टीबी निघाला, सहा महिन्यांचा औषधांचा कोर्स झाला, आता ठणठणीत आहेत.

पण तो पाऊण तास माझ्यामुळे गेला. माझं शिक्षण कमी नव्हतं. फक्त एक साधा करार मला माहीत नव्हता.

डिस्चार्जनंतर घरी हे सगळं मी अण्णांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते हसले आणि म्हणाले, "कालव्याच्या गावचा तू, अन् तुला डावं-उजवं कळंना? पाटकऱ्याला डावा कालवा कोणता म्हणून विचारलं, तर तो तुझ्या तोंडाकडं बघून सांगतो का?"

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्याकडे पाणी जायकवाडीचं. पैठणला गोदावरीवर धरण आहे आणि त्यातून दोन कालवे निघतात. डावा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. डावा म्हणजे कुणाच्या डाव्या हाताचा? तुमच्या नाही, माझ्या नाही. धरणाकडे पाठ करून नदी जिकडे वाहते तिकडे तोंड केलं, की जो डाव्या हाताला येतो तो डावा. मग तुम्ही पैठणला उभे राहा की परभणीला, शीर्षासन करा नाहीतर झोपून बघा. डावा कालवा डावाच राहतो. बाजू बघणाऱ्याची नसते, नदीची असते.

शरीराचंही अगदी हेच. उजवी बाजू म्हणजे पेशंटची उजवी. कायम. डॉक्टर समोर असो, मागे असो, पेशंट पालथा असो, फोटोत असो.

क्रिकेट बघणाऱ्यांना हे आधीच येतं बरं का. ऑफ साइड आणि लेग साइड बॅटरवरून ठरते, टीव्हीवरून नाही. कॅमेऱ्याचा अँगल बदलला म्हणून ऑफ साइड बदलत नाही.

आता एक करून बघा. घरी असाल तर उभे राहा, बसमध्ये असाल तर मनातल्या मनात. सरळ उभं राहायचं, नजर समोर, पाय जवळ, हात बाजूला खाली सोडलेले आणि तळहात समोरच्या दिशेला वळवलेले. हीच शरीररचनाशास्त्रातली ठरलेली उभं राहण्याची पद्धत. इंग्रजीत तिला ॲनाटॉमिकल पोझिशन म्हणतात. शरीराच्या सगळ्या दिशा याच उभ्या माणसावरून मोजतात. पेशंट ऑपरेशन टेबलवर झोपलेला असला तरी वर्णन करताना तो असाच उभा आहे असं धरतात.

तळहात समोर का? दुसऱ्या हाताने कोपरापुढचा भाग धरा आणि तळहात फिरवून बघा. तिथे दोन हाडं आहेत. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. तळहात समोर असला की दोन्ही शेजारी शेजारी असतात. तळहात मागे वळवला की रेडियस अल्नाच्या वरून तिरकं जातं. मग आतलं कुठलं, बाहेरचं कुठलं, गोंधळच. म्हणून एक स्थिती ठरवून टाकली. आम्ही कोडमध्ये आधी ओरिजिन आणि ॲक्सिस ठरवतो, तसंच हे.

आता दिशा. शब्द लॅटिन आहेत, पण जोडीजोडीने घेतले तर सोपे.

डोक्याकडे ते सुपीरियर, पायाकडे ते इन्फीरियर. समोरचं ते अँटिरियर, पाठीकडचं पोस्टिरियर. नाकावरून बेंबीवरून खाली एक रेघ मारा. त्या रेघेच्या जवळ ते मीडियल, रेघेपासून लांब ते लॅटरल. म्हणजे तळहात समोर ठेवून उभं राहिलं की करंगळी मीडियल आणि अंगठा लॅटरल. कातडीजवळचं ते सुपरफिशियल, खोलवरचं ते डीप.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. हे शब्द एकेकटे चालत नाहीत, कशाच्या तुलनेत ते सांगावं लागतं. नाक हनुवटीच्या सुपीरियर आहे, पण कपाळाच्या इन्फीरियर. मधला भाऊ एकाचा दादा आणि दुसऱ्याचा धाकटा असतो, तसं.

उरली एक जोडी, हातापायांची. प्रॉक्सिमल आणि डिस्टल. हे कळायला पुन्हा कालव्यावर चला. आमच्याकडे शेतकरी म्हणतात, "हेडला पाणी आलंय, टेलला यायचंय." धरणाजवळचं टोक ते हेड, शेवटचं ते टेल. हात किंवा पाय जिथे धडाला जोडलाय ते हेड समजा. त्याच्या जवळचं ते प्रॉक्सिमल, टेलकडचं ते डिस्टल. कोपर मनगटाच्या तुलनेत प्रॉक्सिमल, खांद्याच्या तुलनेत डिस्टल.

आता तुमचा मित्र बाइकवरून पडला, हातावर पडला, आणि रिपोर्टमध्ये लिहून आलं "फ्रॅक्चर, डिस्टल एंड, राइट रेडियस". वाचता येईल ना? उजवा हात, त्याचाच उजवा. अंगठ्याच्या बाजूचं हाड. टेलकडचं टोक, म्हणजे मनगटाजवळ. घरी फोन करताना "हात मोडला" म्हणण्यापेक्षा "उजव्या मनगटाजवळ एक हाड मोडलंय" म्हटलं तर आईला निदान अर्धी रात्र झोप लागेल.

आता छेद, म्हणजे प्लेन्स. सीटी किंवा एमआरआयच्या रिपोर्टमध्ये तीन शब्द हमखास असतात. ॲक्सियल, कोरोनल, सॅजिटल. सुरीने काकडी कापतो तसं यंत्र चित्रात शरीर कापून दाखवतं. प्रश्न एवढाच की सुरी कशी धरली.

ॲक्सियल म्हणजे आडवा छेद, काकडीच्या चकत्या. कमरेला करदोडा बांधतो ना, त्या पातळीत.

कोरोनल कळायला तुमचे हेडफोन. मोठ्या हेडफोनची पट्टी एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत जाते. त्या पट्टीच्या रेषेत सरळ खालपर्यंत कापलं तर पुढचा भाग आणि मागचा भाग वेगळा होतो. तो कोरोनल. कोरोना म्हणजे लॅटिनमध्ये मुकुट.

सॅजिटल म्हणजे डावा भाग आणि उजवा भाग वेगळा करणारा छेद. सॅजिटा म्हणजे बाण. समोरून मारलेला बाण ज्या रेषेत आरपार जाईल, ती दिशा. बरोबर नाकावरून गेला तर दोन सारखे भाग होतात.

ॲक्सियल चित्रातही माझ्यासारखी फसगत होऊ शकते. पेशंट उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायांशी उभे राहून डोक्याकडे बघतोय, अशा नजरेने ते चित्र दाखवायची पद्धत आहे. त्यामुळे तिथेही पेशंटची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते.

आणि हे फक्त माझ्यासारख्या घाबरलेल्या पोराचं होतं असं नाही. कोड लिहिणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. स्कॅनच्या फाइल्सचा जगभर चालणारा एक स्टँडर्ड आहे, डायकॉम. त्यात एक्स ॲक्सिस पेशंटच्या डाव्या बाजूकडे वाढतो, वाय पाठीकडे, झेड डोक्याकडे. मेंदूच्या संशोधनात दुसरा एक फॉरमॅट चालतो, निफ्टी. शेअर बाजारातली नाही हां. त्यात एक्स उजवीकडे वाढतो आणि वाय समोर. म्हणजे एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेताना दोन चिन्हं उलटी करायची. एक विसरलात तर प्रोग्रॅम क्रॅश होत नाही, लाल एरर येत नाही, चित्र छान दिसतं. फक्त डावा मेंदू उजवीकडे गेलेला असतो. म्हणून काही ठिकाणी एमआरआय काढताना डोक्याच्या एका बाजूला व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवतात. ती स्कॅनमध्ये पांढरी चमकते आणि बाजू पक्की कळते. एक्स-रेमधलं आर किंवा एल अक्षरही त्याचसाठी. फिल्म उलटी धरून फोटो काढला तरी अक्षर उलटं दिसतं आणि आपण सावध होतो. माझ्या भावाने नेमकं तेच कापलं होतं आणि मला त्याची गरजही वाटली नव्हती.

आता शेवटचा भाग, पोकळ्या. इथे आपल्या मराठीतली एक गडबड मला कळली.

शरीराला एक बिल्डिंग समजा. मागच्या बाजूला एक भाग आहे. कवटीच्या आत मेंदू आणि तिथून खाली मणक्यांच्या नळीत मज्जारज्जू. पुढच्या बाजूला दुसरा, मोठा भाग. वरच्या मजल्यावर छाती, खालच्या मजल्यावर पोट. दोघांमधला स्लॅब म्हणजे श्वासपटल. हा स्लॅब हलतो. श्वास घेतला की खाली, सोडला की वर. पोट आणि ओटीपोट यांच्यात मात्र भिंत नाही, हॉल आणि किचन सलग असल्यासारखं.

छातीच्या मजल्यावर तीन भाग आहेत. उजव्या फुफ्फुसाची खोली, डाव्या फुफ्फुसाची खोली आणि दोघींच्या मध्ये हृदय, अन्ननलिका, मोठ्या रक्तवाहिन्या यांची जागा. उजव्या आणि डाव्या खोलीत दार नाही. उजवीकडचं पाणी डावीकडून काढता येत नाही. माझं ऐकून कुणी खरंच दुसऱ्या बाजूला सुई घातली असती तर पाणी तर निघालं नसतंच, वर चांगल्या फुफ्फुसाला इजा व्हायची भीती. हे नंतर वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

आता गडबड. आपण सर्रास म्हणतो, "फुफ्फुसात पाणी झालंय." अण्णांच्या फुफ्फुसात पाणी नव्हतंच. फुफ्फुसाभोवती होतं.

अर्धवट फुगवलेल्या फुग्यात मूठ खुपसा. मुठीला चिकटलेला एक थर, बाहेरचा एक थर, आणि मध्ये बारीकशी फट. मूठ म्हणजे फुफ्फुस. फुगा म्हणजे प्लुरा नावाचं आवरण. आतला थर फुफ्फुसाला चिकटलेला, बाहेरचा छातीच्या भिंतीला. मधल्या फटीत एरवी चमचा-दोन चमचे द्रव असतो, श्वास घेताना थर घासू नयेत म्हणून, तेलपाणी केल्यासारखा. अण्णांच्या या फटीत पाणी साचलं होतं आणि ते बाहेरून फुफ्फुसाला दाबत होतं. असं पाणी सुईने काढता येतं.

पण कधी कधी पाणी खरोखर फुफ्फुसाच्या आत, हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये भरतं. पुष्कळदा हृदयाचं काम मंदावल्यामुळे. तिथे सुई घालून काही उपयोग नसतो. ऑक्सिजन आणि औषधं लागतात. दोन आजार वेगळे, उपाय वेगळे, आणि आपण दोन्हीला एकच वाक्य वापरतो. गावाकडून फोन आला की "फुफ्फुसात पाणी" ऐकून पुण्या-मुंबईतली पोरं गुगल करतात आणि भलतंच वाचून घाबरतात. म्हणून विचारायचं, "आत की भोवती?" तीन शब्दांचा प्रश्न आहे.

अण्णांच्या रिपोर्टमध्ये एक वाक्य होतं, "राइट कॉस्टोफ्रेनिक अँगल ब्लंटेड". त्या रात्री मला ते मंत्रासारखं वाटलं होतं. कॉस्टो म्हणजे बरगडीचं, फ्रेनिक म्हणजे श्वासपटलाचं. भिंत आणि हलता स्लॅब जिथे मिळतात तो खालचा कोपरा. माणूस उभा असला की पाणी आधी तिथेच साचणार, खोलीत साचतं तसंच. एरवी तो कोपरा एक्स-रेमध्ये टोकदार दिसतो, पाणी असलं की बोथट. मंत्र वगैरे काही नाही, नुसता पत्ता आहे. उजवी खोली, खालचा कोपरा.

सुई घालतानाही दिशा आलीच. पाठीकडून, दोन बरगड्यांच्या मधून जातात. पण बरोबर मध्यातून नाही. खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून. कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि नस असते. सुपीरियर आणि इन्फीरियर यात इथे काही मिलिमीटरचाच फरक, पण त्या फरकावर रक्तस्राव अवलंबून.

दिशांची ही भाषा डॉक्टर लोकही गृहीत धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक चेकलिस्ट आणली. पेशंट कोण, ऑपरेशन कुठलं आणि कुठल्या जागी, हे मोठ्याने बोलून खात्री करायची, बाजूवर खूण केली आहे का बघायचं, हे त्यात आहे. म्हणजे इतकं शिकलेली माणसंसुद्धा "उजवीच ना?" असं एकमेकांना विचारतात.

म्हणून माझी चूक नेमकी कुठली, ते मला आता नीट सांगता येतं. बाजूबद्दल शंका विचारणं चूक नव्हतं. ते तुम्हीही विचारा, जरूर विचारा. मी विचारलं नव्हतं. माहीत नसताना ठासून सांगितलं होतं. "मॅडम, मला फोटोत डावीकडे दिसतंय, असं का?" एवढंच म्हणालो असतो तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं असतं आणि आईला रडावं लागलं नसतं.

तर जाता जाता तीन गोष्टी. एक, एक्स-रेचा फोटो पाठवताना पूर्ण पाठवा, चारही कोपरे दिसू द्या, आर किंवा एल कापू नका. दोन, घरच्यांना फोनवर सांगताना "पेशंटची उजवी बाजू" असं पूर्ण म्हणा. तीन, रिपोर्टमधला शब्द अडला तर आधी तो दिशेचा आहे का बघा. तसा असेल तर आज तुम्ही अर्धं वाचायला शिकलात. उरलेलं अर्धं डॉक्टरांना विचारा, मला नको!

अण्णांना हा भाग ऐकवणार आहे. ते म्हणतील, एवढं बोलण्यापेक्षा "कालव्यासारखं असतं" म्हणायचं अन् गप बसायचं. खरंय त्यांचं.

चला, काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.